व्याकरणाचे चार प्रकार: ताकद नाकारण्यात असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टाइप ० ते टाइप ३ (० सर्वांत मोकळं, १ कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह, २ कॉन्टेक्स्ट-फ्री, ३ रेग्युलर) चा तक्ता पाठ आहे, कुठल्या व्याकरणासमोर कुठलं यंत्र येतं हेही सांगता येतं. पण आता कामात एक छोटी नियम-भाषा बनवायची आहे (अटी, कंस, थोडं गणित), आणि तिच्यासाठी या चारांपैकी काय घ्यायचं ते कळत नाही. शिवाय ‘सगळ्यात ताकदवान प्रकारच का घेऊ नये?’ अशी शंका.

शंकेपासून सुरुवात करतो. ती सुटली की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

व्याकरण म्हणजे कुठल्या स्ट्रिंग्ज (अक्षरांच्या रांगा) भाषेत बसतात ते ठरवणारे नियम. त्यांना जेवढी मोकळीक द्याल, तेवढी त्या व्याकरणाबद्दल काही विचारायची सोय कमी होत जाते. दोन रेग्युलर व्याकरणं एकाच भाषेची आहेत का, हे प्रोग्रॅम तपासून ठामपणे सांगू शकतो. एक पायरी वर, कॉन्टेक्स्ट-फ्रीमध्ये, या प्रश्नाला अल्गोरिदमच नाही. मात्र दिलेली स्ट्रिंग भाषेत बसते का आणि भाषेत निदान एक तरी स्ट्रिंग आहे का, ही दोन उत्तरं मिळतात. आणखी वर, कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्हमध्ये, स्ट्रिंग बसते का ते कळतं, पण भाषा मुळात रिकामी आहे का ते नाही. आणि टाइप ० मध्ये ‘ही स्ट्रिंग बसते का’ एवढ्या साध्या प्रश्नाचीही खात्री देता येत नाही. पाठ्यपुस्तकांच्या तक्त्यांत हा रकाना बहुधा शेवटी असतो किंवा नसतोच. माझ्या मते तो पहिला हवा, कारण पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याला रोज लागतो तो हाच.

‘ताकद’ या शब्दाने दुसराही एक घोळ होतो. वरच्या प्रकाराची भाषा मोठी, असं अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. मुलाखतीत मी हा प्रश्न हटकून विचारतो: ‘कितीही क, त्यानंतर कितीही ख’ ही भाषा कुठल्या प्रकारची? रेग्युलर. आणि ‘जितके क, बरोबर तितकेच ख’? ती रेग्युलर नाही, तिला कॉन्टेक्स्ट-फ्री लागतं. पण दुसरी भाषा पहिलीच्या पोटातच आहे! म्हणजे वरच्या प्रकारात गेल्यावर जास्त स्ट्रिंग्ज मिळतात असं नाही. काय नाकारायचं ते जास्त बारकाईने ठरवता येतं. ‘कककखख’ पाहून ‘एक ख कमी पडतोय’ म्हणायला आधीचे क लक्षात ठेवावे लागतात. मर्यादित अवस्थांच्या यंत्राकडे तेवढी आठवण नसते, स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायची चळत) असलेल्याकडे असते. सगळ्या स्ट्रिंग्ज स्वीकारणारी भाषा तर सर्वांत सोपी. तिला एक अवस्था पुरते.

त्याच ओघात आणखी एक गोष्ट. टाइप ही नियमांवर लावलेली चिठ्ठी आहे, भाषेवरची नाही. साधी रेग्युलर भाषा तुम्ही टाइप ० च्या नियमांतही लिहू शकता, उगाच. भाषेचा प्रकार म्हणजे तिला पुरेल असं सर्वांत बांधलेलं व्याकरण. आणि दिलेल्या कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणाची भाषा प्रत्यक्षात रेग्युलरच आहे का, हे सगळ्या व्याकरणांसाठी ठरवून देणारी पद्धतही अस्तित्वात नाही.

आता खालून वर जाऊ. रेग्युलर व्याकरणात डाव्या बाजूला एक नॉन-टर्मिनल (⟨ ⟩ मधली, पुढे बदलायची खूण), उजवीकडे टर्मिनल (प्रत्यक्ष अक्षर) आणि फार तर एक नॉन-टर्मिनल. ते नॉन-टर्मिनल एक तर सगळ्या नियमांत उजव्या टोकाला हवं, नाही तर सगळ्या नियमांत डाव्या टोकाला. ‘सगळ्या नियमांत’ हे शब्द लोक वाचून पुढे जातात. हे तीन नियम बघा:

⟨वा⟩ → क ⟨शेष⟩
⟨शेष⟩ → ⟨वा⟩ ख
⟨शेष⟩ → ख

एकेक नियम सुटा पाहिला तर अगदी रेग्युलर. पण पहिल्यात नॉन-टर्मिनल उजवीकडे आहे, दुसऱ्यात डावीकडे. चालवून बघा: ⟨वा⟩ चा क⟨शेष⟩, त्याचा क⟨वा⟩ख, त्याचा कक⟨शेष⟩ख, आणि शेवटी ककखख. जितके क तितकेच ख! दोन्ही टोकांनी वाढू दिलं की मध्ये मोजणी शिरते. उत्तरपत्रिकांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता व्याकरण समोर आलं की आधी टोकंच तपासतो.

रेग्युलर प्रकाराला लोक फार लवकर कमी लेखतात. अवतरणचिन्हांतली स्ट्रिंग, तिच्या आत बॅकस्लॅशने एस्केप केलेलं अवतरणचिन्ह, याला ‘खरा’ पार्सर लागतो असं एका सहकाऱ्याचं ठाम मत होतं. लागत नाही. मागचं अक्षर एस्केप सुरू करणारा बॅकस्लॅश होतं की नाही, एवढीच आठवण हवी, म्हणजे एक जादा अवस्था. सी मधली तारा-स्लॅशची कॉमेंटही रेग्युलर, कारण तिथे कॉमेंटच्या आत कॉमेंट चालत नाही. रस्ट आणि हॅस्केलमध्ये ती चालते, आणि तेवढ्या एका सवलतीपायी त्यांच्या स्कॅनरला (मजकुराचे शब्दांसारखे तुकडे, म्हणजे टोकन्स, पाडणाऱ्या भागाला) खोली मोजणारा काउंटर बाळगावा लागतो. भाषेचा आराखडा करताना घेतलेला एवढासा निर्णय तुम्हाला एक पायरी वर नेऊन ठेवतो, तो असा.

मात्र आपण प्रोग्रॅममध्ये ज्याला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतो, ते आता नावापुरतंच रेग्युलर उरलंय. आधी जुळलेला तुकडा पुन्हा जसाच्या तसा मागणारा बॅकरेफरन्स आला की गोष्ट रेग्युलर तर सोडाच, कॉन्टेक्स्ट-फ्रीच्याही बाहेर जाते, आणि जुळवणी एनपी-कम्प्लीट होते (म्हणजे ती नेहमी झटपट करायची पद्धत कुणाला माहीत नाही). बरीच इंजिनं या सोयीसाठी बॅकट्रॅकिंग करतात (एक वाट फसली की मागे येऊन दुसरी धरतात) आणि त्याची किंमत साध्या पॅटर्नलाही भरावी लागते. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीची सेवा जगभर कोलमडली, ती फायरवॉलच्या नियमातल्या अशाच एका एक्स्प्रेशनने सीपीयू गिळून टाकल्यामुळे. केन थॉम्पसन यांनी १९६८ सालीच बॅकट्रॅकिंगशिवाय, सगळ्या शक्य अवस्था एकत्र पुढे सरकवत जुळवणी करायची पद्धत छापली होती. तिच्यात इनपुटच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ लागतो. खरोखर रेग्युलर राहिलात तर ही हमी फुकट मिळते.

कॉन्टेक्स्ट-फ्री हे आपलं राहतं घर, म्हणून इथे जरा रेंगाळतो. डाव्या बाजूला एकच नॉन-टर्मिनल, उजवीकडे काहीही. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये ही मॉडेल्स मांडली आणि १९५९ मध्ये चार प्रकारांना क्रमांक दिले, ते मानवी भाषांचा विचार करताना. जवळपास त्याच वेळी जॉन बॅकस अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेची वाक्यरचना लिहायला तशीच पद्धत वापरत होते. पीटर नॉर यांनी ती १९६० च्या अल्गोल अहवालात वापरली आणि आपण आजही तिला बीएनएफ (बॅकस-नॉर फॉर्म) म्हणतो. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवलं होतं की हिला ‘पाणिनि-बॅकस फॉर्म’ म्हणा. नाव रुळलं नाही, पण पाणिनींकडे मी पुढे येणारच आहे.

इथे एक लक्षात ठेवा: पार्सर लिहिणाऱ्याला भाषेइतकंच झाडही (वाक्याची रचना दाखवणारं पार्स ट्री) महत्त्वाचं असतं. एकच भाषा देणारी दोन व्याकरणं वेगवेगळी पार्स ट्री देऊ शकतात. हे मी पुस्तकात शिकलो नाही, मार खाऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एक हिशेबी सूत्रांचा पार्सर हाताने लिहिला होता. व्याकरण नीट होतं:

⟨पद⟩ → ⟨पद⟩ − ⟨संख्या⟩
⟨पद⟩ → ⟨संख्या⟩

पण रिकर्सिव्ह डिसेंटमध्ये (प्रत्येक नॉन-टर्मिनलसाठी एक फंक्शन लिहायची पद्धत) पहिला नियम तसाच उतरवला तर फंक्शन काहीही न वाचता स्वतःलाच बोलावत राहतं. म्हणून मी तो उलटा केला: ⟨पद⟩ → ⟨संख्या⟩ − ⟨पद⟩. भाषा तीच राहिली, एकही स्ट्रिंग इकडची तिकडे नाही. टेस्ट सगळ्या पास, कारण लांब साखळ्या मी फक्त बेरजेच्या लिहिल्या होत्या. आणि मग कुणीतरी ९ − ४ − २ टाकलं, उत्तर आलं ७. यंत्र ९ − (४ − २) करत होतं. ३ यायला झाड डावीकडे झुकलेलं हवं होतं. नियम न उलटवता तिथे लूप लिहायचा असतो: एक संख्या वाच, मग पुढे वजाबाकीचं चिन्ह दिसतंय तोवर वजा करत राहा.

भाषा तीच असून झाड बदलतं, तसं एकाच व्याकरणात एकाच स्ट्रिंगला दोन झाडंही मिळू शकतात. याला संदिग्धता म्हणतात. दोन ‘इफ’ आणि एक ‘एल्स’ आलं की ते ‘एल्स’ कुणाचं, हे जुनं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की कुठलंही कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण घेऊन ते संदिग्ध आहे का हे ठरवणारा सर्वसाधारण अल्गोरिदम नाही. म्हणूनच आपण व्याकरणाला आणखी बांधून घेतो. डोनाल्ड क्नुथ यांनी १९६५ मध्ये मांडलेलं, झाड खालून वर बांधणारं एलआर, त्याची आटोपशीर आवृत्ती एलएएलआर, किंवा वरून खाली जाणारं एलएल. याक किंवा बायसनने (व्याकरणावरून पार्सर बनवून देणारी साधनं) तुमच्या व्याकरणात ‘कॉन्फ्लिक्ट’ दाखवला तर लगेच व्याकरण संदिग्ध आहे असं समजू नका, फक्त एवढ्या पुढे पाहून निर्णय होत नाही इतकाच त्याचा अर्थ. पण कॉन्फ्लिक्ट अजिबात आला नाही, तर व्याकरण संदिग्ध नाही याची ती सिद्धताच. हा उलट्या दिशेचा फायदा मला फार मोलाचा वाटतो. हाताने लिहिलेल्या पार्सरला तो मिळत नाही.

आणि तरी मोठे कंपायलर हातानेच लिहिलेले पार्सर वापरतात. जीसीसीने सी++ साठी ३.४ आवृत्तीत याकच्या वळणाचा पार्सर टाकून हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट घेतला, क्लँगचाही तसाच आहे. कारण एक तर चुकांचे संदेश चांगले देता येतात. आणि दुसरं कारण सी कुळातल्या भाषांचंच. सी मध्ये ‘टी * क्ष;’ अशी ओळ आली तर तो गुणाकार की पॉइंटरची घोषणा? टी हे आधी टाइपचं नाव म्हणून जाहीर झालंय का, यावर ते ठरतं. म्हणजे उत्तर व्याकरणात नाही, सिंबॉल टेबलमध्ये (जाहीर झालेल्या नावांच्या यादीत) आहे, आणि जुने कंपायलर ती माहिती मागच्या दाराने स्कॅनरला पुरवतात. ‘सी कॉन्टेक्स्ट-फ्री आहे का?’ याचं खरं उत्तर म्हणूनच ‘तिचं छापलेलं व्याकरण आहे, भाषा नाही’ असं द्यावं लागतं. पायथनचं इंडेंटेशन हा याचाच भाऊ. स्कॅनर स्वतःचा स्टॅक ठेवतो, समासाची रुंदी बदलली की ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशी टोकन्स देतो, आणि मग पार्सरपुरतं सगळं कॉन्टेक्स्ट-फ्री दिसतं.

पायथनचा विषय निघालाच आहे तर पेग (पार्सिंग एक्स्प्रेशन ग्रामर) पाहू. ३.९ पासून पायथनचा पार्सर या पद्धतीने चालतो, त्याआधी तो एलएल(१), म्हणजे एकच टोकन पुढे पाहणारा, होता. ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये मांडलेलं पेग दिसायला कॉन्टेक्स्ट-फ्रीसारखंच, पण त्यातला ‘किंवा’ क्रमाने चालतो: पहिला पर्याय जुळला की दुसऱ्याकडे बघणंच नाही. त्यामुळे संदिग्धता नावालाही उरत नाही. पण ‘क’ किंवा ‘कख’ असा नियम लिहिलात तर दुसरा पर्याय कधीच वापरला जाणार नाही, आणि कुणी सांगणारही नाही. संदिग्धता गेली असं मी म्हणत नाही, ती क्रमाच्या आड लपली. मोठ्या व्याकरणात मला याची धास्ती वाटते. छोट्या भाषेला मात्र पेग झकास.

कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्हकडे येऊ. डावीकडे आता शेजारपाजारही लिहिता येतो: अमुक दोघांच्या मध्ये असेल तरच बदल. अट एकच, बदलताना लांबी कमी व्हायला नको. जितके क, तितके ख, तितकेच ग ही भाषा स्टॅकने होत नाही, इथे होते:

⟨वा⟩ → क ⟨वा⟩ ⟨ख⟩ ग
⟨वा⟩ → क ख ग
ग ⟨ख⟩ → ⟨ख⟩ ग
ख ⟨ख⟩ → ख ख

दोन-दोनसाठी: क⟨वा⟩⟨ख⟩ग, मग ककखग⟨ख⟩ग, मग तिसऱ्या नियमाने ⟨ख⟩ डावीकडे सरकतो, ककख⟨ख⟩गग, आणि चौथ्याने ककखखगग. जरा बारकाईने पाहिलंत तर हे व्याकरण वाक्याची रचना सांगतच नाही, तो अक्षरं रांगेत लावणारा प्रोग्रॅम आहे. याचं कामाचं पार्स ट्री निघत नाही. शिवाय स्ट्रिंग बसते का हे शोधणं सर्वसाधारणपणे पीस्पेस-कम्प्लीट, म्हणजे एनपी-कम्प्लीटहूनही अवघड मानलं जाणारं. म्हणूनच प्रत्यक्षात टाइप १ चं व्याकरण लिहून त्याचा पार्सर चालवणारं कुणी मला आजवर भेटलेलं नाही.

नियमाचं रूप मात्र ओळखीचं आहे. पाणिनींचं ‘इको यणचि’ घ्या: इकः, म्हणजे इ-उ-ऋ-ऌ यांच्या जागी. यण्, म्हणजे य-व-र-ल. अचि, पुढे स्वर असताना. षष्ठीतला बदलायचा, प्रथमेतला बदली, सप्तमीतला संदर्भ. प्रति + एक चं प्रत्येक होतं ते या नियमाने. हुबेहूब कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह नियमाचा साचा! पण इथे एक गंमत आहे. असा नियम स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा लावायचा नाही असं ठरवलं, तर त्याची ताकद फक्त रेग्युलर भरते. डग्लस जॉन्सन यांनी १९७२ मध्ये हे दाखवलं, कॅप्लन आणि के यांनी १९९४ मध्ये सविस्तर मांडलं. शब्दरूपं ओळखणारी अनेक सॉफ्टवेअर्स मर्यादित अवस्थांच्या यंत्रांवर चालू शकतात ती यामुळेच. नियमाचा चेहरा पाहून ताकद ठरवू नये, तो कसा लावला जातो तेही बघावं.

टाइप ० बद्दल फार बोलत नाही. लांबी कमी करायची परवानगी मिळाली की ट्युरिंग मशीन (अमर्याद स्मृतीचं कल्पित यंत्र) जे करू शकतं ते सगळं होतं. टाइप १ मध्ये निदान मधल्या पायऱ्या स्ट्रिंगपेक्षा लांब होत नाहीत, त्यामुळे सगळ्या शक्यता संपवता येतात. इथे दोन अक्षरांच्या स्ट्रिंगकडे जाणारी वाट लाखो अक्षरं फुगून परत येऊ शकते, आणि किती थांबायचं ते कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या ‘सगळ्यात ताकदवान का नको’ चं उत्तर हेच.

टाइप २ आणि टाइप १ यांच्या मधली जागाही मोकळी नाही, तिथे कामाच्या गोष्टी आहेत. स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये दाखवलं की स्विस जर्मनमध्ये नामं आणि त्यांची क्रियापदं अशा क्रमाने येतात (पहिल्याचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं) की ती भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री असूच शकत नाही. स्टॅक शेवटचं आधी देतो, इथे पहिलं आधी हवं. अरविंद जोशी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७५ मध्ये मांडलेलं ट्री-अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर एवढंच पेलतं, आणि पार्सिंग पॉलिनॉमिअल, म्हणजे आवाक्यातल्या, वेळेतच राहतं. चार कप्प्यांचा तक्ता पाहून मधे काहीच नाही असा समज होतो, म्हणून हे सांगितलं.

आता तुमची नियम-भाषा. टोकन्स रेग्युलर ठेवा: नावं, आकडे, चिन्हं, स्ट्रिंग्ज. कॉमेंटच्या आत कॉमेंट देऊ नका, कुणी मागितली तरी. अटी आणि कंसांसाठी संदिग्ध नसलेलं कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण लिहा, ‘आणि’ आधी की ‘किंवा’ आधी हे नियमांच्या थरांतच बसवा. पार्सर हाताने लिहिणार असाल तरी ते व्याकरण एकदा बायसनमधून काढा, फक्त कॉन्फ्लिक्ट पाहण्यासाठी. अर्ध्या तासाचं काम आहे. ‘हे नाव आधी जाहीर झालंय का’, ‘आकड्याची तुलना स्ट्रिंगशी तर होत नाही ना’ हे व्याकरणात कोंबू नका. झाड तयार झाल्यावर दुसऱ्या फेरीत तपासा. आणि ‘आधी लांबीचा आकडा, मग तितकीच अक्षरं’ असली सोय भाषेत ठेवायचा मोह झाला, तर दशमान आकड्याने सांगितलेली लांबी कॉन्टेक्स्ट-फ्रीमध्ये बसत नाही हे ध्यानात असू द्या. ते काम सरळ स्कॅनरच्या कोडमध्ये करा.

पहिला नियम लिहायच्या आधी एक करा. तुमच्या भाषेतली वीसेक चुकीची वाक्यं कागदावर उतरवा, आणि प्रत्येकापुढे लिहा ते कुणी नाकारायचं: स्कॅनरने, पार्सरने की दुसऱ्या फेरीने. एखाद्यापुढे काय लिहावं ते सुचत नसेल, तर तिथे भाषा अजून ठरलेली नाही, व्याकरणाचा प्रश्न नंतरचा. आणि बरोबरच्या वाक्यांत ९ − ४ − २ नक्की घाला.